६२ हजार कोटींच्या विक्रीत ३३ लाख कोटी गेले कुठे?

२३ मार्च २०२०, सोमवार. आदल्या दिवशी जनता कर्फ्यू होऊन गेला होता, मुंबईची लोकल बंद होती, दलाल स्ट्रीट ओस पडली होती. बाजार मात्र नेहमीप्रमाणे सव्वानऊला उघडला. पाऊण तासाच्या आसपास सेन्सेक्स १० टक्क्यांनी कोसळला, नियमाप्रमाणे व्यवहार थांबवले गेले आणि तासाभराने पुन्हा सुरू झाल्यावर तो आणखी खाली गेला. दिवसअखेर घसरण ३,९३४ अंशांची, १३.१५ टक्क्यांची. मुंबई शेअर बाजारात नोंदलेल्या सगळ्या कंपन्यांचं मिळून बाजारमूल्य एका दिवसात सुमारे १४ लाख २२ हजार कोटी रुपयांनी घटलं.

आकडा एवढा मोठा झाला की तो नुसता वाचला जातो, कळत नाही. म्हणून तोडून बघू. थांबलेला वेळ वगळला तर त्या दिवशी व्यवहार चालले साधारण सव्वापाच तास. त्या हिशेबाने मिनिटाला साडेचार हजार कोटी, सेकंदाला ७५ कोटी. केंद्र सरकारचा २०२०-२१ चा संपूर्ण अर्थसंकल्प ३० लाख ४२ हजार कोटींचा होता. म्हणजे देशाच्या वर्षभराच्या सरकारी खर्चाच्या जवळपास निम्मी रक्कम संध्याकाळच्या चहाआधी पुसली गेली. देशातल्या प्रत्येक माणसामागे, तान्ह्या बाळासकट, साडेदहा हजार रुपये.

अशा दिवशी बातम्यांमध्ये एकच वाक्य असतं: गुंतवणूकदारांचे इतके लाख कोटी बुडाले. ते वाचून कुणालाही पडावा असा साधा प्रश्न आहे. बुडाले तर गेले कुणाकडे? कुणाच्या तरी खिशातून गेलेला पैसा दुसऱ्या कुणाच्या तरी खिशात पडायला हवा. १४ लाख कोटी रुपये त्या सोमवारी कुणाच्याही खात्यात जमा झाले नव्हते.

मार्च २०२० चा अख्खा महिना घेतला तर चित्र जास्त स्पष्ट होतं. फेब्रुवारीअखेर मुंबई शेअर बाजारातल्या कंपन्यांचं एकूण बाजारमूल्य १४७ लाख कोटींच्या जवळपास होतं. मार्चअखेर ते तब्बल ३३ लाख कोटींनी उतरून ११३ लाख ५० हजार कोटींच्या आसपास आलं. त्याच महिन्यात परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी शेअर बाजारातून काढून घेतलेली निव्वळ रक्कम होती सुमारे ६२ हजार कोटी. समोर देशातल्या संस्थांनी, म्हणजे म्युच्युअल फंड, विमा कंपन्या वगैरेंनी, सुमारे ५५ हजार कोटींची खरेदीही केली होती. तरीही बाहेर गेलेल्या प्रत्येक रुपयामागे कागदावरचे ५३ रुपये नाहीसे झाले.

२००८ मध्ये तर हे प्रमाण आणखी विलक्षण होतं. ३१ डिसेंबर २००७ ला बाजारमूल्य ७१ लाख ७० हजार कोटींच्या आसपास होतं आणि बरोबर एका वर्षाने ३१ लाख ४५ हजार कोटींच्या आसपास. ४० लाख कोटींचा फरक. त्या वर्षी परदेशी संस्थांची निव्वळ विक्री सुमारे ५३ हजार कोटींची. रुपयामागे ७६ रुपये.

हे कसं घडतं ते बघायला शेअर बाजारात जायची गरज नाही. डोंबिवलीतल्या एखाद्या ४० फ्लॅटच्या सोसायटीचा विचार करा. भाव चाललाय फ्लॅटला ८० लाख. एका घरात अचानक मोठं आजारपण आलं, पैसे आठवड्यात हवेत, म्हणून त्यांनी आपला फ्लॅट ६० लाखांना काढला. व्यवहार झाला ६० लाखांचा, एका घराचा. पण दुसऱ्या दिवशी एजंटच्या तोंडी त्या बिल्डिंगचा भाव ६० लाख झाला आणि ४० फ्लॅटांच्या हिशेबाने सोसायटी ८ कोटींनी गरीब झाली. उरलेल्या ३९ घरांत पाणी पूर्वीसारखंच येतंय, लिफ्ट चालतेय. त्यांच्यातल्या कुणी फ्लॅट विकलेला नाही, विकायचाही नाही.

शेअर बाजाराचं बाजारमूल्य अगदी असंच निघतं. शेवटच्या व्यवहाराचा भाव घ्यायचा आणि त्याने कंपनीच्या सगळ्या शेअरना गुणायचं. प्रवर्तकांच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून असलेले शेअर, एलआयसीकडचे, आजोबांनी घेऊन ठेवलेले, सगळे त्याच भावाने मोजले जातात. बाजारात एखाद्या दिवशी हात बदलणारे शेअर एकूण शेअरच्या तुलनेत नगण्य असतात. तरी त्या मूठभरांचा भाव उरलेल्या सगळ्यांचं मोल ठरवतो. तेजीतही गणित हेच. भाव वाढून बाजारमूल्य १४ लाख कोटींनी वाढलं तरी तेवढा पैसा बाजारात आलेला नसतो. पडझडीच्या दिवशी ‘बुडालेल्या’ रकमेत वर्षभरापूर्वी अशीच गुणाकारातून आलेली रक्कमही असते, हे बातमीत कधी येत नाही. यायला हवं.

मग संकटातला तोटा खोटा असतो का? मुळीच नाही. ज्याला त्याच दिवशी विकावं लागतं त्याचा तोटा शंभर टक्के खरा असतो. संकटात संपत्ती नष्ट होण्याचा खरा रस्ता तोच आहे: विकायची सक्ती. उधारीवर शेअर घेतलेला गुंतवणूकदार, शेअर तारण ठेवून कर्ज काढलेला प्रवर्तक, आपल्याकडच्या ग्राहकांना पैसे परत द्यावे लागणारा फंड. २००८ मध्ये अमेरिकेतल्या गृहकर्जांशी आपल्या बहुतेक कंपन्यांचा काडीचा संबंध नव्हता. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली, जगभरच्या फंडांना डॉलरची निकड लागली, आणि जिथे विकता येईल तिथे त्यांनी विकलं. मुंबईत विकता येत होतं.

या शहराने ही सक्ती फार पूर्वी, आणि फार क्रूर रूपात पाहिली आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि प्रेमचंद रायचंद हे या सगळ्या उलाढालींचं केंद्र बनले. बॅकबे भरावाच्या कंपनीच्या ५ हजार रुपये भरलेल्या शेअरवर लोक ५० हजारांपर्यंत जादा द्यायला तयार होते. यातले बहुतेक सौदे वायद्याचे होते: आज भाव ठरवायचा, पैसे आणि शेअर १ जुलै १८६५ ला. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपलं. कापसाचा भाव कोसळला. १ जुलै उजाडला तेव्हा देणं सगळ्यांचंच होतं आणि द्यायला कुणाकडेच नव्हतं. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता तो ८७ रुपयांवर आला. ९७ टक्क्यांची घसरण. खुद्द बँकही पुढे टिकली नाही. प्रेमचंदांनी चांगल्या दिवसांत विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला. तो आजही ओव्हल मैदानाकडे बघत उभा आहे. मुंबईतल्या दलालांनी आपली रीतसर संघटना स्थापन केली ती या पडझडीनंतर, १८७५ मध्ये.

९७ टक्के हा आकडा नीट बघण्यासारखा आहे, कारण टक्केवारीचं गणित उतरताना आणि चढताना सारखं नसतं. १० टक्के पडलेला शेअर मूळ भावाला यायला ११ टक्के वाढावा लागतो. इथवर फारसा फरक जाणवत नाही. ५० टक्के पडला तर दुप्पट व्हावा लागतो. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला होता आणि मार्च २००९ मध्ये ८,१६० वर. म्हणजे ६१ टक्के खाली. परत तिथे पोचायला १५६ टक्क्यांची वाढ लागणार होती. ८७ रुपयांवरून २,८५० ला जायचं तर जवळपास ३३ पट. खड्डा जितका खोल, तितकी चढण नुसती लांब होत नाही, ती भलतीच उभी होते.

आणि वेळ? तो तर प्रत्येक संकटाने वेगळा लावला. न्यूयॉर्कचा डाऊ जोन्स निर्देशांक ३ सप्टेंबर १९२९ ला ३८१ वर होता. ८ जुलै १९३२ ला तो ४१ वर आला. ८९ टक्के गेले. ३८१ ची पातळी पुन्हा ओलांडायला १९५४ चा नोव्हेंबर उजाडावा लागला. मधल्या २५ वर्षांत एक महामंदी आणि एक महायुद्ध होऊन गेलं. जपानचा निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर बंद झाला. तो आकडा त्याने पुन्हा पार केला २२ फेब्रुवारी २०२४ ला. ३४ वर्षं. तोक्योतला तिशीतला नोकरदार तेवढ्या काळात निवृत्त झाला. याउलट कोविडच्या पडझडीत जानेवारी २०२० चा उच्चांक सेन्सेक्सने ९ नोव्हेंबर २०२० लाच मागे टाकला. तळापासून साडेसात महिने.

२००८ ची घसरण या दोन्हींच्या मधली. ५ नोव्हेंबर २०१० ला, दिवाळीच्या मुहूर्ताच्या व्यवहारात, सेन्सेक्स २१,००४ वर बंद झाला आणि लोकांनी पेढे वाटले. पण तो तिथे टिकला नाही. २०११ च्या डिसेंबरात तो १५ हजारांच्या घरात होता, आणि जुन्या उच्चांकाच्या वर पक्का बसायला २०१३ ची अखेर उजाडली. त्या पाच-सहा वर्षांत महागाई जोरात होती. जानेवारी २००८ मध्ये घातलेले १०० रुपये २०१३ मध्ये १०० च दिसत असले तरी त्यांत किराणा पूर्वीइतका येत नव्हता. निर्देशांकाचा तक्ता ही झीज दाखवत नाही. उलट बाजूने तो लाभांशही दाखवत नाही. १९२९ च्या अमेरिकी गुंतवणूकदाराने दरवर्षी मिळालेला लाभांश पुन्हा गुंतवला असता, आणि त्या मंदीत वस्तू किती स्वस्त झाल्या होत्या तेही धरलं, तर त्याचं नुकसान १९५४ च्या कितीतरी आधी भरून निघालं असतं. भागधारकाला खरोखर काय मिळालं हे बघायचं तर भाव, लाभांश आणि महागाई तिन्ही एकत्र मांडावे लागतात. बातम्यांत भाव तेवढाच येतो.

आता महाराष्ट्रातल्याच एका गावाकडे जाऊ, कारण वरची सगळी गणितं तिथे एका शेअरमध्ये सापडतात.

जळगाव जिल्ह्यातलं अमळनेर. साने गुरुजींनी जिथे शिकवलं ते गाव. १९४५ मध्ये तिथे महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तूप बनवणारी कंपनी काढली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. शेंगदाण्याचा भाग, तेलाला तोटा नव्हता. सनफ्लॉवर वनस्पती आणि ७८७ नावाचा कपड्यांचा साबण ही तिची उत्पादनं. गावातल्या अनेक घरांनी तिचे शेअर घेतले. १९६६ मध्ये प्रेमजी अचानक वारले आणि २१ वर्षांचा मुलगा अझीम अमेरिकेतलं शिक्षण सोडून कंपनी सांभाळायला परतला. पुढे याच कंपनीचं नाव विप्रो झालं.

१९८० मध्ये कुणाकडे या कंपनीचे १०० रुपये दर्शनी किमतीचे १०० शेअर होते असं धरू. दर्शनी हिशेबाने १० हजार रुपये. त्यानंतर काहीही न करता, एकही शेअर न विकता, एकही रुपया न घालता तो माणूस बसून राहिला. १९८१ मध्ये कंपनीने एकास एक बक्षीस शेअर दिले: २००. १९८५ मध्ये पुन्हा: ४००. मग १०० रुपयांच्या शेअरचे १०-१० रुपयांचे भाग पडले: ४,०००. १९८७ मध्ये ८ हजार, १९८९ मध्ये १६ हजार, १९९२ मध्ये ३२ हजार, १९९५ मध्ये ६४ हजार. १९९७ मध्ये एकास दोन: १ लाख ९२ हजार. १९९९ मध्ये १० रुपयांच्या शेअरचे पाच भाग: ९ लाख ६० हजार. २००४, २००५ आणि २०१० च्या बक्षिसांनंतर ९६ लाख. २०१७ मध्ये १ कोटी ९२ लाख, २०१९ मध्ये २ कोटी ५६ लाख, आणि २०२४ च्या अखेरीस आणखी एकदा एकास एक: ५ कोटी १२ लाख शेअर. शेअरचा भाव २५० रुपये धरला तर १,२८० कोटी रुपये. २०१३ मध्ये साबण आणि दिव्यांचा धंदा वेगळा काढला गेला तो आणि इतक्या वर्षांचा लाभांश मी यात धरलेला नाही. १० हजारांचे पावणेतेरा लाख पट. दर साल ३६-३७ टक्क्यांनी, ४५ वर्षं.

बक्षीस शेअरने किंवा भाग पाडल्याने संपत्ती वाढत नाही, हे इथे सांगायलाच हवं. शेअरची संख्या दुप्पट होते तेव्हा भाव निम्मा होतो. वाढ झाली ती धंद्यात: तुपाच्या नफ्यातून संगणकाकडे, संगणकातून सॉफ्टवेअरकडे जाण्यात. शेअरची संख्या त्या वाढीच्या मागोमाग आली.

पण याच गोष्टीचा मधला एक तुकडा सहसा सांगितला जात नाही, आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. फेब्रुवारी २००० मध्ये, संगणक कंपन्यांच्या तेजीच्या टोकावर, विप्रोचा भाव ९ हजारांच्या वर गेला होता. आपल्या माणसाकडे तेव्हा ९ लाख ६० हजार शेअर होते. म्हणजे कागदावर ८६४ कोटी. त्यानंतर फुगा फुटला आणि पावणेदोन वर्षांत हा भाव साधारण ९० टक्क्यांनी खाली आला. ८६४ चे उरले ८५ कोटींच्या आसपास. पावणेआठशे कोटी रुपये एका घराच्या हिशेबातून गेले. कुणी चोरले नाहीत, कुणी मागितले नाहीत. आणि हा माणूस तरीही १० हजारांवर ८५ कोटींचा धनी होता. एकाच वेळी इतका प्रचंड तोटा आणि इतका प्रचंड फायदा अंगावर घेऊन शांत बसणं किती माणसांना जमलं असेल? ज्यांना जमलं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना भाव रोज बघायची सोयच नव्हती, हे त्यांच्या पथ्यावर पडलं असावं असं मला वाटतं.

आता दुसरा माणूस घ्या. त्याने त्याच फेब्रुवारी २००० मध्ये, त्याच उत्तम कंपनीचा एक शेअर ९ हजारांना घेतला. पुढच्या सगळ्या बक्षिसांनी त्या एकाचे ५३ शेअर झाले. २५० च्या भावाने १३,३०० रुपये. पंचवीस वर्षांत ९ हजारांचे १३ हजार, वर लाभांश. हीच रक्कम ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवून व्याज तसंच ठेवलं असतं तर ४९ हजार झाले असते. कंपनी तीच आणि धंदा चांगलाच चालला. एकाच शेअरने एकाला पावणेतेरा लाख पट दिलं आणि दुसऱ्याला दीडपट.

अमळनेरच्या गोष्टीत आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागते. आपण विप्रोबद्दल बोलतो कारण विप्रो उरली. त्याच १९८० मध्ये मुंबईतल्या कापड गिरण्यांचे शेअरही लोक जपून ठेवत होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर कित्येक गिरण्या कायमच्या बंद झाल्या. त्या शेअरचे कागद तेवढ्याच निष्ठेने जपले गेले होते.

अमेरिकेतले प्राध्यापक हेंड्रिक बेसेमबाइंडर यांनी हे मोजलं. १९२६ ते २०१६ या ९० वर्षांत अमेरिकी बाजारात नोंदलेल्या सुमारे २५,३०० कंपन्या त्यांनी घेतल्या. या सगळ्यांनी मिळून भागधारकांसाठी, सरकारी अल्पमुदतीच्या रोख्यांपेक्षा जास्त, अशी सुमारे ३५ लाख कोटी डॉलर संपत्ती निर्माण केली. त्यातली निम्मी केवळ ९० कंपन्यांनी. आणि सगळीच्या सगळी निव्वळ संपत्ती १,०९२ कंपन्यांनी, म्हणजे ४ टक्क्यांनी. उरलेल्या ९६ टक्के कंपन्यांची बेरीज-वजाबाकी होऊन हाती आलं ते सरकारी रोख्यांइतकंच. निम्म्याहून जास्त कंपन्या तर आपल्या आयुष्यात त्या रोख्यांच्याही मागे राहिल्या. ‘शेअर बाजार दीर्घकाळात चांगला परतावा देतो’ हे वाक्य खरं आहे, पण ते बाजाराबद्दल खरं आहे. एखाद्या शेअरबद्दल ते बहुतेक वेळा खोटं ठरतं.

सेन्सेक्सचा पाया १९७८-७९ चा, १०० अंशांचा. जुलै २०२४ मध्ये तो ८० हजारांवर पोचला. ८०० पट, वर्षाला सुमारे १६ टक्के, लाभांश वेगळा. पण त्यातल्या ३० कंपन्या त्याच राहिलेल्या नाहीत. मागे पडलेल्या बाहेर काढल्या जातात, पुढे आलेल्या आत घेतल्या जातात. त्यामुळे सुरुवातीची यादी शेवटपर्यंत हातात धरून बसलेल्याचा परतावा म्हणून हे ८०० पट वाचता येत नाहीत.

संकटाच्या काळात हा फरक फार झपाट्याने रुंदावतो. कोविडच्या वर्षात दोन टोकं दिसली. १९ जून २०२० ला रिलायन्स इंडस्ट्रीजने जाहीर केलं की ५८ दिवसांत कंपनीने १ लाख ६८ हजार ८१८ कोटी रुपये उभे केले: जिओमधला हिस्सा विकून १ लाख १५ हजार कोटींच्या वर, आणि ५३ हजार कोटी विद्यमान भागधारकांना १,२५७ रुपयांनी हक्काचे शेअर देऊन. देश टाळेबंदीत असताना दिवसाला २,९०० कोटी रुपये. मार्चमध्ये ९०० च्याही खाली गेलेला तिचा शेअर जुलैत २ हजारांच्या वर होता. ज्याच्याकडे आधीपासून दम आहे त्याला संकटात पैसा मिळतो, आणि त्या पैशाने दम आणखी वाढतो.

दुसरं टोक येस बँकेचं. ऑगस्ट २०१८ मध्ये तिचा शेअर ४०० च्या आसपास होता. ५ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध लादले, खातेदारांना ५० हजारांची मर्यादा घातली, आणि दुसऱ्या दिवशी व्यवहारात शेअर ६ रुपयांच्याही खाली जाऊन आला. स्टेट बँकेच्या पुढाकाराने बँक वाचली. खातेदारांचे पैसे सुरक्षित राहिले, आणि तेच सर्वांत महत्त्वाचं होतं. पण भागधारकाचं काय झालं ते बघा. बँकेचे आधी सुमारे २५५ कोटी शेअर होते. वाचवणाऱ्या बँका-संस्थांना १० रुपयांनी १,००० कोटी नवे शेअर दिले गेले. जुलैत १२ रुपयांनी आणखी १,२५० कोटी शेअर विकले गेले. चार महिन्यांत शेअरची संख्या जवळपास दहा पट झाली; ज्याच्याकडे बँकेचा १ टक्का होता त्याच्याकडे एक दशांश टक्का उरला. अशा कंपनीचं बाजारमूल्य पुढे कितीही वाढलं तरी जुन्या भागधारकाचा भाव परत येईलच असं नाही, कारण वाढलेली भाकरी आता दहा पट हातांत वाटायची असते. ‘कंपनी सावरली’ आणि ‘भागधारक सावरला’ या दोन वेगळ्या बातम्या आहेत.

त्या वर्षी निवृत्तांनाही एक फटका बसला ज्याची चर्चा कमी झाली. १७ एप्रिल २०२० ला रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना लाभांश वाटायला मनाई केली. कारण योग्य होतं, संकटात भांडवल बँकेतच राहायला हवं. पण नफ्यात असलेल्या चांगल्या बँकांच्या लाभांशावर घरखर्चाचा काही भाग चालवणाऱ्यांना त्या वर्षी काहीच मिळालं नाही.

आणि तरीही आर्थिक वर्ष २०२०-२१ मध्ये सेन्सेक्स २९,४६८ वरून ४९,५०९ वर गेला. ६८ टक्के वर. त्याच वर्षी देशाची अर्थव्यवस्था सुमारे ६ टक्क्यांनी आक्रसली, पहिल्या तिमाहीत तर जवळपास २४ टक्क्यांनी. हे दोन आकडे शेजारी ठेवले की अनेकांना संताप येतो, आणि तो मला रास्त वाटतो. पण ते एकमेकांना खोटं पाडत नाहीत. सेन्सेक्समधल्या कंपन्या म्हणजे देश नव्हे. गल्लीतला छोटा हॉटेलवाला, पॉवरलूमवाला, भाड्याच्या गाळ्यातला छपाईवाला बंद पडला तेव्हा त्याचं गिऱ्हाईक बऱ्याचदा मोठ्या, नोंदणीकृत कंपनीकडे गेलं. रेपो दर मे २०२० मध्ये ४ टक्क्यांवर आला, मोठ्यांचं व्याज घटलं, प्रवास आणि जाहिरातींचा खर्च वाचला. भागधारकासाठी त्या वर्षी जे मूल्य तयार झालं, त्यातला काही भाग बाजाराबाहेरच्या धंद्यांकडून सरकून आलेला होता. किती, हे कुठल्याच निर्देशांकात दिसत नाही.

शेवटी पुन्हा मार्च २०२० च्या त्या ६२ हजार कोटींकडे येतो, कारण त्यांच्या शेजारी ठेवण्याजोगा आणखी एक आकडा पुढे तयार झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशी संस्थांनी भारतीय शेअरमधून सुमारे ९४ हजार कोटी रुपये काढून घेतले. मार्च २०२० च्या दीडपट, तोवरचा एका महिन्याचा उच्चांक. मार्च २०२० मध्ये सेन्सेक्स महिन्याभरात २३ टक्के पडला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो पडला ५.८ टक्के.

ऑक्टोबरमध्ये टाळेबंदी नव्हती, साथ नव्हती, हे अर्थातच मोठं कारण. पण समोर उभा असलेला खरेदीदारही बदलला होता. देशातल्या संस्थांनी त्या महिन्यात १ लाख कोटींहून जास्त खरेदी केली. परदेशींनी काढून घेतलेल्या निव्वळ रकमेपेक्षा जास्त. या खरेदीमागे दरमहा हप्त्याने येणारा पैसा आहे. म्युच्युअल फंडांच्या मासिक हप्त्यांची, म्हणजे एसआयपीची, रक्कम मार्च २०२० मध्ये ८,६०० कोटी होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती पहिल्यांदाच २५ हजार कोटींच्या वर गेली. नाशिकचा शिक्षक, पिंपरीचा कामगार, पुण्यातली आयटीतली मुलगी, यांचे हजार, दोन हजार, पाच हजार.

मार्च २०२० मध्ये देशात सुमारे ४ कोटी डिमॅट खाती होती, ऑक्टोबर २०२४ मध्ये १७ कोटींच्या वर. चारातली तीन खाती त्या सोमवारनंतर उघडलेली. या खातेदारांना माहीत असलेली सर्वांत मोठी पडझड साडेसात महिन्यांत भरून निघाली होती. २००८ ते २०१३ यांनी पाहिलेलं नाही: भाव खाली, मग वर, मग पुन्हा खाली, महागाई चढती, आणि पाच वर्षं हातात काही नाही. तसा काळ पुन्हा आला, आणि दरमहा येणारे हे हप्ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी आटायला लागले, तर बाहेर पडणाऱ्या ६२ हजार कोटींसमोर घेणारा कमी असेल. रुपयामागे ५३ की ७६, ते तेव्हा ठरेल.